पहिलीचे मास्तर रस्ता मागतात

सोमवार, ९ सप्टेंबर. संध्याकाळी ६.१०
आसुक्रोमला पोचलो. अक्राहून नऊ तास. शेवटचे दोन तास ट्रोट्रोत, म्हणजे खच्चून भरलेल्या वडाप व्हॅनमध्ये, मांडीवर दुसऱ्याच कोणाचा तरी कोंबडा. तक्रार नाही. समाजसेवा म्हटली की हे आलंच.

एक गोष्ट लिहून ठेवतो, नाहीतर पुढे लोक काहीच्या बाही बोलतात. निवृत्तीच्या निरोपसमारंभात ‘एक वर्ष खेड्यातल्या शाळेत फुकट शिकवीन’ असं मी जाहीर केलं, ते पूर्ण विचार करून. ऑफिसातल्या बोआचेने त्याच्या निरोपाला गावासाठी बोअरवेल जाहीर केली होती आणि अख्खं ऑफिस टाळ्या वाजवत उभं राहिलं होतं, त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. माझ्यासाठीही उभे राहिले. फेलिशिया बसून होती, पण बायकोचे गुडघे दुखतात.

प्लॅन: वर्ष म्हणजे शालेय वर्ष. शालेय वर्षात महत्त्वाचं पहिलं सत्र. म्हणजे डिसेंबरात घरी. मोठ्या मुलांना इंग्रजी आणि नेतृत्वगुण शिकवायचे. विमा कंपनीत चौतीस वर्षं काढलेला माणूस या भागात पुन्हा कधी येणार?

मुक्काम ओक्यामेच्या अंगणातल्या खोलीत. हा नानांचा बोलणारा. नाना गावचे प्रमुख. त्यांच्याशी थेट कोणी बोलत नाही. आपण ओक्यामेला सांगायचं, त्याने ते घासूनपुसून, साखर लावून नानांपुढे ठेवायचं. मधला माणूस आला की काम लांबतं, हा माझा ऑफिसातला अनुभव. पण आल्या आल्या सुधारणा नको.

मंगळवार, १० सप्टेंबर
पहिली दिली. मुख्याध्यापिका मॅडम फ्रेम्पोमा म्हणाल्या, मोठ्या वर्गांना मास्तर आहेत हो पापा, पहिलीलाच कोणी नाही. वर्षभर त्या स्वतः पहिली आणि दुसरी एकाच खोलीत घेत होत्या, मध्ये फळा उभा करून. इकडे एक वाक्य बोलायचं, तिकडे एक. घसा पार गेला आहे त्यांचा, बोलतात तेव्हा दार करकरल्यासारखं वाटतं.

मी म्हटलं, तात्पुरतं घेतो. मुलं त्र्याऐंशी. बाक एकवीस.

बुधवार, ११ सप्टेंबर
मुलं मी म्हणेन ते सगळं म्हणतात. मी ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं, वर्ग ‘गुड मॉर्निंग’. मी ‘शांत बसा’ म्हटलं, वर्ग ‘शांत बसा’. मी ‘अरे, माझ्या मागून म्हणू नका’ म्हटलं, तेही त्र्याऐंशी गळ्यांतून परत आलं. खोकलो. खोकले. दुपारी बाराला हात टेकले आणि डोकं धरून बसलो. समोर त्र्याऐंशी मुलं डोकं धरून.

मॅडम दारातून बघून गेल्या. प्रभावित वाटल्या.

निश्चय: उद्यापासून लेखी पाठयोजना, रोज, आदल्या संध्याकाळी.

रविवार, १५ सप्टेंबर
पाठयोजना सोमवारपासून. आठवड्याच्या मधून सुरू केलं की शिस्त राहत नाही.

फेलिशियाला फोन. रेंज फक्त कोको वाळवायच्या मांडवापाशी मिळते, तीही वाकून उभं राहिलं तर. तिने घराचं रंगकाम काढलंय. माझी खुर्ची अंगणात ठेवली आहे. चर्चच्या गायनात आता ती पुढच्या ओळीत उभी राहते. मी विचारलं, एकटं वाटतं का? म्हणाली, छे हो मिस्टर, वेळच कुठे आहे. बिचारी. मला काळजी वाटू नये म्हणून किती करते.

शनिवार, २१ सप्टेंबर. संध्याकाळी ७
थोडा एकांत हवा म्हणून दार लावून पडलो. दिवसा दार लावलं म्हणजे माणूस आजारी, हे विसरलो होतो. अर्ध्या तासात ओक्यामेची मोठी बहीण एनो सूप घेऊन आली. मागून चार बायका. मग मॅडम. मग चर्चचा कॅटेकिस्ट, त्याने माझ्यासाठी प्रार्थना केली. पाच वाजेपर्यंत खोलीत अकरा माणसं. मी बरा आहे म्हटलं तर एनो म्हणाली, ताप चढला की असंच वाटतं बाळा. मी एकसष्ट वर्षांचा आहे.

दार उघडं ठेवलं तर रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण हाक मारतो. उत्तर दिलं नाही तर थांबून पुन्हा मारतो.

बुधवार, २ ऑक्टोबर
निर्णय झाला. प्रकृतीच्या कारणास्तव या महिन्यातच परत जायचं. नेमका कोणता आजार, ते अजून ठरलेलं नाही. रक्तदाब बहुधा.

फक्त रस्ता मागावा लागेल. पाहुण्याने उठायच्या आधी यजमानाकडे रस्ता मागायचा, त्याने दिला की निघायचं, हे अक्रात आपण दारातल्या दारात दोन सेकंदांत उरकतो. इथे मी गावाचा पाहुणा. म्हणजे नानांपुढे बसून, श्नॅप्सची, म्हणजे कडक दारूची, बाटली ठेवून, ओक्यामेच्या तोंडून. न मागता गेलो तर ओक्यामेच्या घराला मान वर करता येणार नाही. एक दिवसाचं काम आहे.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर
नाना अंत्यविधीला परगावी. सोमवारी येतील.

सोमवार, ७ ऑक्टोबर
आले नाहीत. दुसरा अंत्यविधी.

शनिवार, १२ ऑक्टोबर
बाटली आणून ठेवली होती. आज बघतो तर निम्मी. बूच सैल असणार. उरलेली बाष्पीभवनाने वाया जाऊ नये म्हणून संपवली.

पाठयोजना: वही आणली.

रविवार, २० ऑक्टोबर
नवी बाटली, इस्त्रीचा शर्ट. गेलो. ओक्यामेने अंगणातच अडवलं. म्हणाला, पापा, आज अदाए. पूर्वजांचा दिवस. आज नानांपुढे गाव सोडायच्या गोष्टी काढतात का? मी एबेनेझर क्वाबेना असिआमा, माझा आजा कुमासीचा, आणि अदाए मला आठवू नये! पण ऑफिसच्या कॅलेंडरवर ती कधी छापत नसत.

बाटली मात्र पूर्वजांसाठी ठेवून घेतली.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर
पावसाने रस्त्याखालची मोरी वाहून गेली. चार दिवस ट्रोट्रो नाही. नाना गावात आहेत, मी गावात आहे, बाटली आहे आणि आता रस्ताच नाही. एनोला हे फार गमतीचं वाटलं. फुफूसाठी उकडलेले कंद कुटताना मध्येच थांबून हसत होती.

अडकलो आहे. हे इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय. सकाळी पाचला अंगण झाडायचा आवाज, सातला त्र्याऐंशी गळे, चारला मुसळ, आठला सगळं गाव गप्प. मध्ये एकही फट नाही जिच्यातून माणूस सटकेल.

वर्ग: एकसष्ट मुलं आपलं नाव लिहितात. हे माझं व्यवस्थापन. बावीस जणांचा गट केला, त्यांना रोज सुटल्यावर अर्धा तास जादा बसवतो. त्यात समाजसेवा वगैरे काही नाही, आकडा अपुरा राहिलेला मला बघवत नाही. कोनाडू नावाची मुलगी ‘N’ उलटा काढत होती. नऊ दिवस. आज सुलटा आला. ती नाचली. मला जरा पाणी प्यायला बाहेर जावं लागलं.

मंगळवार, १२ नोव्हेंबर
मागितला! आणि मिळाला!

नानांना पहिल्यांदा नीट पाहिलं. बारीक म्हातारा, नखांत कोकोच्या मळ्यातली माती. मी ओक्यामेला म्हटलं, सांग, रक्तदाब आहे, सत्र संपताच निघतो. ओक्यामेने काठी सावरली आणि जे काय बोलला त्यात रक्तदाब कुठेच नव्हता. म्हणे, पापांच्या घरच्यांचे डोळे वाटेकडे लागले आहेत, नाताळ त्यांच्यासोबत काढायची परवानगी मागतात. नाना हसले. म्हणाले, अर्धा रस्ता दिला.

झालं. अर्धा तर अर्धा. सगळीकडे अर्धाच देतात.

रात्री फेलिशियाला सांगितलं. म्हणाली, एवढ्यात? पाहुण्यांच्या खोलीचा रंग ओला आहे अजून.

बुधवार, १३ नोव्हेंबर
मॅडम सकाळी फारच खुशीत. म्हणाल्या, अर्धा मिळाला ना पापा, मग सात जानेवारीला शाळा उघडते, सहाला संध्याकाळपर्यंत पोचा. पहिलीच्या हजेरीपटावर पुढच्या सत्रालाही माझंच नाव घातलं आहे. पेनने.

आत्ता डोक्यात प्रकाश पडला. अर्धा रस्ता म्हणजे जायला. उरलेला अर्धा नाना ठेवून घेतात, परत येण्यासाठी. मला हे माहीत नव्हतं असं नाही. माहीत असणं वेगळं, सात जानेवारी तारीख कानावर पडणं वेगळं. अर्धा घेऊन गेलो आणि परतलो नाही तर शब्द मोडला असं होणार. मॅडमचा निरोप येत राहणार. फेलिशिया एप्रिलपर्यंत, पुढचं सत्र संपेस्तोवर, ‘गेला का नाहीत’ विचारत राहणार.

विम्यात एक नियम: समोरच्याची पहिली ऑफर कधी घ्यायची नाही. अर्धा ही त्यांची पहिली ऑफर आहे. मी पूर्ण मागेन.

रविवार, १ डिसेंबर
दुसरी बैठक. मी स्पष्ट म्हटलं, नानांना सांग, मला पूर्ण रस्ता हवा. ओक्यामेने माझ्याकडे असं बघितलं की माझ्या नाकातून रक्त येतंय की काय असं वाटून मी नाक चाचपलं. मग नानांकडे वळून म्हणाला, पापांचा जीव मुलांत अडकलाय, विचारतात की आपण नसताना पहिलीकडे कोण बघेल. नानांना भरून आलं. त्यांनी मला यॅमचे सहा कंद दिले. मोठे.

सगळी बैठक टाळ्या वाजवत होती, तिथे काय बोलणार? यॅम घेऊन आलो.

वाटेत ओक्यामेला चांगलं झापलं. माझं म्हणणं बदलतोस कशाला? म्हणाला, माझं कामच ते आहे, पापा. माणूस तापात बोलला तर ते तसंच्या तसं पुढे न्यायचं का? मी म्हटलं, मी तापात नाही. म्हणाला, पूर्ण मागू नका. एवढंच, आणि पुढे चालायला लागला. प्रशिक्षणाचा अभाव.

गुरुवार, ५ डिसेंबर
एनोने यॅम उकडले. मध्येच म्हणाली, ओक्यामे सांगत होता काहीतरी. तू आमच्याकडे नीट जेवतोस ना बाळा? मीठ जास्त होतं का? मी म्हटलं, जेवण उत्तम आहे, प्रश्न तत्त्वाचा आहे. तिने आणखी एक तुकडा वाढला.

मुलांनी खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर कोळशाने पापा, पापा, पापा असं लिहून ठेवलंय. मोजलं, एक्क्याऐंशी वेळा. भिंत खराब केल्याबद्दल रागावलो. दोघांचं राहिलं होतं, त्यांना बोलावून लिहून घेतलं. शिक्षा सगळ्यांना सारखी हवी.

रविवार, १५ डिसेंबर. दुपारी ३
मिळवला. पूर्ण.

ओक्यामेला म्हटलं, अर्धा नको, पूर्ण हवा, आणि एक शब्दही न बदलता सांग. तो माझ्या कानाशी आला आणि अगदी हळू म्हणाला, घरी चला पापा, एनोचं फुफू झालंय, आपण उद्या येऊ. मी म्हटलं, सांग. तो नानांकडे वळला आणि म्हणाला, पापांना लांबच्या प्रवासाची धास्ती वाटते.

मग मीच उभा राहिलो. नानांकडे सरळ बघून बोललो. म्हटलं, नाना, मला परत यायचं नाही. मला पूर्ण रस्ता द्या.

एका म्हाताऱ्याने आपली चप्पल पायाने जवळ ओढून घेतली. ओक्यामेने खाली बघितलं. नाना माझ्याकडे बराच वेळ बघत होते, रागावलेले मात्र दिसले नाहीत. मग ते ओक्यामेच्या कानात काहीतरी म्हणाले. तो कधी नव्हे ते काही न घालता, काही न गाळता बोलला: पूर्ण दिला.

टाळ्या नाहीत. इतक्या कठोर वाटाघाटीनंतर समोरच्याला वेळ लागतोच. चौतीस वर्षांत एवढं स्वच्छ सेटलमेंट माझ्या हातून झालं नव्हतं. या गावात पूर्ण रस्ता मिळालेला मी बहुधा पहिलाच.

मंगळवार, १७ डिसेंबर
मॅडमनी हजेरीपट मागून घेतला. पेनने लिहिलेलं खोडायला त्यांच्याकडे काही नव्हतं, मग वरून कागदाची पट्टी चिकटवली. मी म्हटलं, घाई नव्हती, गुरुवारपर्यंत मी आहे. म्हणाल्या, ठीक आहे, मिस्टर असिआमा. मी म्हटलं, आजवर तुम्ही पापा म्हणत होता. त्या खडूचा डबा झाकत होत्या. घशामुळे ऐकू आलं नसेल. म्हणजे, घशामुळे बोलल्या नसतील.

फळा पुन्हा दोन वर्गांच्या मध्ये नेऊन उभा केलाय. मी हात लावायला गेलो तर म्हणाल्या, राहू दे, सवय आहे.

गुरुवार, १९ डिसेंबर. सकाळी ६
निघतोय. एनोने डबा दिला. मीठ बरोबर होतं का, ते विचारलं नाही. अंगणातून कोणी बाजारालाही निघालं तरी ती ‘लवकर ये’ म्हणते. मला म्हणाली, नीट जा. ओक्यामेने बॅग ट्रोट्रोवर चढवली आणि माझ्याशी हात मिळवला. हात सोडताना एकमेकांच्या बोटांनी चुटकी वाजवायची असते, ती त्याने वाजवली नाही. घाईत असेल.

मुलं रांगेत उभी होती. शिस्त चांगली लागली आहे. कोनाडूने विचारलं, पापा कधी येणार? तिच्या आईने तिचा हात धरून मागे ओढलं.

सुटलो. सुटलो हे मोठ्या अक्षरांत लिहायचं ठरवलं होतं, पण गाडी फार हलते.

शुक्रवार, २० डिसेंबर. अक्रा
घर फिकट हिरवं. माझी खुर्ची अजून अंगणातच, ओली. फेलिशियाने जेवण वाढलं. मी सगळी हकिकत सांगितली, पहिल्या ऑफरपासून. ती बेरेकुमकडच्या खेड्यातली, तिला यातलं कळतं, म्हणून शेवट जरा रंगवून सांगितला.

तिने विचारलं, किती दिला म्हणालात? म्हटलं, पूर्ण.

तिने पळी खाली ठेवली. म्हणाली, एबेनेझर, काय केलंत तुम्ही तिथे? छत्तीस वर्षांत तिने मला नावाने हाक मारलेली नाही. मी म्हटलं, काही केलं नाही, मागितला, त्यांनी दिला. ती म्हणाली, माझे वडील गावात पंच होते. त्यांनी आयुष्यात एकालाच पूर्ण रस्ता दिलेला मी पाहिला. शेळ्या चोरायचा तो.

मी वाटाघाटींचं तत्त्व समजावून सांगायला सुरुवात केली. ती उठून पाणी आणायला गेली आणि बराच वेळ आलीच नाही.

सोमवार, ३० डिसेंबर
मॅडमना फोन केला. सहज, सणाच्या शुभेच्छा. म्हटलं, तुम्हाला अगदीच अडचण असेल तर सात तारखेचा विचार करता येईल. त्यांचा आवाज आणखी बसलाय. म्हणाल्या, नाही हो, मिस्टर असिआमा, नानांनी पूर्ण दिलाय, त्यावर आता कसं बोलावणार? आम्ही बघतो. मग विचारलं, प्रकृती कशी आहे. मी म्हटलं, उत्तम. त्या म्हणाल्या, देवाची कृपा.

ओक्यामेकडे निरोप ठेवावा का? पण मी नानांशी थेट बोललो होतो. आता तो माझ्या वतीने काय आणि कोणत्या तोंडाने बोलणार?

मंगळवार, ७ जानेवारी. पहाटे ५
आपोआप जाग आली. उठलो, शर्ट घातला, बटणं लावली, बूट शोधायला लागलो. फेलिशिया अंधारातूनच म्हणाली, झोपा हो मिस्टर, तुम्हाला कुठे जायचंय?